माझ्या तोंडी न आलेले नाव

मी टीव्ही बोलतोय. हल्ली भिंतीला पापडासारखे चिकटवतात तसला नव्हे. मला पाठ आहे, पोट आहे, लाकडी अंग आहे. मला उचलायला दोन माणसे लागतात. हे आधीच सांगतो, म्हणजे माझी कीव करायला कोणी पुढे येणार नाही.

बिश्केक शहरात तुर्दुबु आपाच्या घरात मी आयुष्य काढले. तिचा नवरा असानाली मला घोंगडीत गुंडाळून ट्रकमधून घेऊन आला होता. बातम्या लागल्या की तो टोपी सरळ करून बसायचा. आतल्या माणसाने नमस्कार केला की हा मान हलवून उत्तर द्यायचा. खोटे मी तेव्हाही बोलत होतो. मी गव्हाच्या राशी दाखवायचो आणि पावाच्या रांगेत पाय दुखवून आलेली आपा त्या बघत बसायची. पण तेव्हा खोटे सांगणारे निदान हसत नव्हते.

असानाली गेला तेव्हा आपाने घरातल्या आरशावर आणि माझ्यावर पांढरे कापड टाकले. आमच्याकडे मरणाच्या घरात टीव्ही झाकतात. चाळिसावा दिवस झाल्यावर कापड काढतात. माणसांनी मला दिलेला तो एकच मान. एरवी त्यांनी माझ्या डोक्यावर फुलदाणी ठेवली, मग मांजर बसू दिले, मग नवी वाहिन्यांची पेटी बसवली.

आमच्याकडे आईला आणि थोरल्या बाईला आपा म्हणतात. आपाला दोन मुलगे. थोरला कादिर डोंगरापलीकडे एका तालुक्याच्या गावी राहायचा, रुग्णवाहिका चालवायचा. धाकटा एसेन आणि त्याची बायको बुरुल आपाजवळ. लग्नाच्या मेजवान्यांत माईक धरून पाहुण्यांना हसवणे हा एसेनचा धंदा. साथ आली, लग्ने बंद झाली, रस्त्यांवर नाके बसले. एसेन घरात चकरा मारू लागला. एक दिवस तो माझ्यापुढे थांबला.

"आपा, हा म्हातारा दिवसभर थापा मारतो आणि त्याला कोणी उलटून बोलत नाही."

"तो माझा टीव्ही आहे. त्याला म्हातारा म्हणू नकोस," आपा म्हणाली.

त्याचा कार्यक्रम असा सुरू झाला. बुरुल फोन धरून चित्रण करायची, ते लोकांच्या फोनवर जायचे. एसेन माझ्याशेजारी मांडी घालून बसायचा, सरकारी वाहिनी लावायचा आणि प्रत्येक वाक्याची साल काढायचा. नाकाखाली मुखपट्टी लावून मुखपट्टीवर भाषण देणारा अधिकारी. आल्याचा काढा विकणारा गायक. रिकाम्या रस्त्याला शिस्त म्हणणारी ती निवेदिका, जिचे दात सदा उघडे. थाप आली की एसेन परातीतला कुरुत उचलायचा आणि माझ्या काचेवर मारायचा. कुरुत म्हणजे दह्याचा वाळवून दगड केलेला खारट गोळा. तो पोत्याने कादिरकडून यायचा.

"अन्नानं मारतोस? हात झडतील तुझे," आपा ओरडायची. आणि लगेच हसायची. तिचे हसणे लोकांना एसेनपेक्षा जास्त आवडायचे.

कादिर फोनवर म्हणायचा, "एसेन, आज माझ्या वतीनं दोन मार. त्या बाईच्या दातांवर."

लोक घरोघरी चहा पीत माझ्यावर हसले. मला त्यांची किळस आली. थापा माझ्या नव्हत्या, मार मात्र मला. पण खरी शिसारी मला माझ्याच पोटातून जे येत होते त्याची होती. जुलै उजाडला. खिडकीतून सतत रुग्णवाहिकांचे भोंगे ऐकू येत होते आणि मी सांगत होतो, परिस्थिती आटोक्यात आहे. एकदा मी डोंगराकडच्या तालुक्यांतल्या रुग्णालयांच्या खाटा दाखवल्या. ओळीने रिकाम्या. चादरींना इस्त्री. आपा जवळ येऊन काचेला नाक लावून बघत राहिली.

"बघ, तिकडं रिकामं आहे. माझ्या कादिरला आता जरा बसायला मिळत असेल."

त्या दिवशी कादिर फोनवर खोकत होता. आपाला म्हणाला, धूळ फार आहे. आपाने मानले. मीच तिला मानायला लावले होते.

मग एका दुपारी फोन आला. आपा आतल्या खोलीत पडली होती. एसेन उभ्याने ऐकत होता, ऐकता ऐकता जमिनीवर बसला. कादिरने रुग्णालयाच्या व्हरांड्यात, बाकावर प्राण सोडला होता. त्याला खाट मिळाली नाही.

आमच्याकडे अशी बातमी धाडकन सांगत नाहीत. वडीलधारे जमतात, आईला मध्ये बसवतात, दोघी जणी दोन्ही बाजूंनी धरतात, मग एक म्हातारा सावकाश शब्द काढतो. एसेनने मामाला फोन लावला. मामा दुसऱ्या गावी होता.

"तोंड उघडू नकोस," मामा म्हणाला. "मी दोन मोठी माणसं घेऊन येतो, मग सांगू. एकट्या बाईला असं सांगतात होय? तिला धरणार कोण?"

"कधी येताय?"

"सकाळशिवाय नाक्यावर सोडत नाहीत. तोवर रोजच्यासारखं वागा. तिला वास लागता कामा नये."

"मामा, मी रोज लोकांना हसवतो."

"मग हसव."

आपा उठून आली आणि आपल्या जागेवर बसली. "चल रे विदूषका, लाव तुझं दुकान. आज तोंड का उतरलंय? बायकोनं चहा दिला नाही वाटतं?"

बुरुलने फोन धरला. एसेनने मला लावले. ती निवेदिका आली, दातांसकट. "सर्व रुग्णालयांत पुरेशा खाटा उपलब्ध आहेत," ती माझ्या तोंडून म्हणाली.

एसेनने कुरुत उचलला. हात वरच राहिला.

"मार की!" आपा म्हणाली. "सोडतोस होय तिला?"

त्याने मारला. कुरुत भिंतीला लागला.

"नेम गेला माझ्या पोराचा!" आपा हसली. डोक्यावरच्या रुमालाने डोळे पुसण्याइतकी हसली. जन्मात मी पुष्कळ घाण दाखवली, पण त्या हसण्याइतके असह्य मला काही झाले नाही. मला मामाचा संताप आला, एसेनचा आला. झाकून ठेवणारे ते माझ्या आत होते, आणि झाकून ठेवणारे हे माझ्यासमोर.

नमाजाची वेळ झाली. आपा हातपाय धुवायला गेली. एसेन गॅलरीत जाऊन कठड्याला धरून उभा राहिला. बुरुलने मला बंद केले, सांडलेले कुरुत वेचले. ती आवाज न करता रडत होती आणि रडता रडता तिचे हात सवयीने चालत होते. सासरा गेला तेव्हा आपाने जे केले तेच त्या हातांनी केले. कपाट उघडले. पांढरे कापड काढले. माझ्यावर टाकले आणि कडा नीट सारख्या केल्या.

आपा ओल्या हातांनी दारात आली. कापडाच्या विणीतून मला ती अंधूक दिसत होती. तिने माझ्याकडे पाहिले.

"सूनबाई," ती म्हणाली, "हे कुणासाठी?"

बुरुलने तोंडावर हात दाबला.

"एसेन!"

एसेन धावत आत आला. आपाने त्याला नखशिखांत न्याहाळले, त्याच्या गालाला ओला हात लावला.

"तू तर इथंच आहेस," ती म्हणाली. "मग कादिर."

ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि मेलेल्यासाठीचे शोकगीत म्हणू लागली, "माझ्या शिंगरा, माझ्या शिंगरा." तिला धरायला रिवाजाप्रमाणे जमलेली माणसे नव्हती. एका बाजूला बुरुल बसली, दुसऱ्या बाजूला एसेन.

इतकी वर्षे बोललो. खरी बातमी मी त्या घरात एकदाच दिली, तीही बंद असताना.

चाळिसावा झाला. मामा होता, शेजारपाजारचे थोडे होते. एसेन कापड काढायला पुढे आला तर आपा म्हणाली, "मी काढते." तिने कापड घडी करून मांडीवर ठेवले आणि मला लावले. ती निवेदिकाच होती. साथीत राबलेल्यांचे आभार मानत होती. डॉक्टर, परिचारिका, चालक.

"थांबा," आपाने सगळ्यांना गप्प केले. "आता नावं सांगेल."

नावे आली नाहीत. हवामान आले. मग आल्याच्या काढ्याचा गायक आला.

आपाने परातीत हात घातला. कुरुत कादिरच्या शेवटच्या पोत्यातला होता. तिचा नेम चुकला नाही, काचेवर बरोबर तोंडाच्या जागी लागला. माझी काच जाड आहे, फुटली नाही. फुटली असती तर बरे झाले असते.

मग ती वाकली, जमिनीवरचा कुरुत उचलला, फुंकर मारली, कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. तो विरघळेपर्यंत ती चोखत बसली. मग तिने ते कापड पुन्हा माझ्यावर घातले.

"आपा, चाळिसावा झाला," मामा म्हणाला.

"त्याचा झाला," आपा म्हणाली. "ह्याचा नाही."

तेव्हापासून मी असाच आहे. एसेन परत लग्नांत जातो, पण त्याला पूर्वीसारखे हसवता येत नाही असे बुरुल म्हणते. मला भंगारात द्यायचे तर द्या. पण कापड काढून मला पुन्हा लावणार असाल, तर आधी त्या बाईला कादिरचे नाव सांगायला लावा.