कॉम्प्युटरची खंडेनवमी

दसऱ्याच्या सकाळी साडेदहाला शिल्पाचा कॉम्प्युटर चौथ्यांदा बंद पडला, आणि तिच्या सासऱ्यांनी, बाळकृष्णरावांनी, वर्तमानपत्राचं तेच पान चौथ्यांदा उलटलं.

बटण दाबलं की डब्ब्यातून घरघर यायची, पडद्यावर कंपनीचं चिन्ह उमटायचं, आता लागलाच म्हणेपर्यंत खट्‌कन सगळा अंधार. आणि नेमका आजच. शिल्पा लहान मुलांसाठी चित्रं काढायची. तिचं पहिलंवहिलं पुस्तक पुण्यात छापलं जाणार होतं आणि प्रकाशकबाईंनी मोठ्या हौसेने दसऱ्याचा मुहूर्त धरला होता. दुपारी दोनला यंत्र सुरू. सोळा पानं त्यांच्याकडे पोहोचली होती. शेवटची आठ ह्या डब्ब्यात होती आणि जगात दुसरीकडे कुठेही नव्हती.

नवरा मिलिंद कामासाठी इंदूरला, सासूबाई इंदुमती स्वयंपाकघरात श्रीखंडाच्या मागे. राहता राहिले बाळकृष्णराव. आणि बिघाड कशाने झाला ते त्यांना ठाऊक होतं.

अगदी ठाऊक म्हणणं जास्त होईल, पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते त्यांच्या मनात कालपासून पडलं होतं. काल खंडेनवमी. सासूसुना बाजारात गेलेल्या. बाळकृष्णरावांनी दरवर्षीप्रमाणे आपली हत्यारं पाटावर मांडून पुजली. पलीकडच्या मोठ्या कारखान्यात ते चौतीस वर्षं फिटर होते, टर्बाइन जुळवायचे. पूजा झाली, ताटात हळदकुंकू उरलं, झेंडू उरला, अक्षता तर चांगल्या मूठभर उरल्या. समोर सुनेचा कॉम्प्युटर उभा. त्यांनी त्यालाही हळदकुंकू लावलं, फूल ठेवलं आणि वरून भक्तिभावाने अक्षता वाहिल्या.

डब्ब्याला वरून जाळी आहे हे त्यांना कळलं ते अक्षता आत टपटपल्यावर.

मग ह्या अनुभवी माणसाने काय करावं? डब्बा उचलून चाळणीसारखा हलवला. चार दाणे बाहेर आले. बाकीचे आत कुठे जाऊन बसले ते त्या देवीलाच माहीत. त्यांनी फूल उचललं, कुंकू पुसलं आणि कोणाला चकार शब्द सांगितला नाही.

एरवी सांगितलं असतं हो. पण कारखान्यात बाळकृष्णरावांचं नाव होतं ते एकाच गोष्टीसाठी. टर्बाइनचं झाकण बसवण्याआधी आत काही राहिलं नाही ना, हे त्यांच्याइतकं काटेकोर कोणी बघत नसे. एका साहेबाचं पेन आत पडलं तर त्यांनी बसवलेलं झाकण परत उघडायला लावलं होतं. ही गोष्ट त्यांनी सुनेला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ऐकवली होती, आणि पुढे सात-आठ वेळा. आता कुठल्या तोंडाने सांगणार?

शिल्पाने धाकट्या भावाला फोन लावून स्पीकरवर ठेवला. गिरीशचं इथेच महाराणा प्रताप नगरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, पण तो सणासाठी ग्वाल्हेरला आईवडिलांकडे गेला होता.

"ताई, चालू तर होतोय ना? मग पॉवर सप्लाय ठीक आहे. किती सेकंदात बंद होतो?"

"आधी बारा, मग दहा. आता तर आठच."

"म्हणजे गरम होतोय. अंदरचा पंखा जाम असेल. डब्बा खोल, बाहेरून काय पता लागणार?"

"उघडू नकोस!" बाळकृष्णराव एवढ्या जोरात म्हणाले की स्वयंपाकघरातलं भांडं वाजायचं थांबलं. "वॉरंटी जाईल."

"बाबा, हा मीच जोडलाय. वॉरंटी कसली?"

"मग व्होल्टेज बघ आधी. गल्लीत देवीचा मंडप, एवढी रोषणाई. लाइन दबली असणार."

गिरीश बिचारा थोरामोठ्यांचा मान राखणारा. "काका म्हणतात तर बघून घे," म्हणाला. मग डब्बा ह्या खोलीतून त्या खोलीत गेला, वायरी बदलल्या, प्लग बदलले. डब्बा उचलून न्यायचं काम बाळकृष्णरावांनी हट्टाने स्वतःकडे घेतलं आणि प्रत्येक वेळी तो हळूच तिरपा केला. एक दाणा पडेल तर शपथ. ह्या सगळ्यात बारा वाजले. घड्याळातही आणि बाळकृष्णरावांच्या चेहऱ्यावरही.

शिल्पाने गिरीशला थांबायला सांगून घरातल्या दुसऱ्या फोनवरून पुण्याला फोन लावला.

"मॅडम, माझ्यासाठी मुहूर्त थांबवू नका. दुसरं एखादं पुस्तक लावून घ्या." ती आवाज सांभाळून बोलत होती. "नाही, मशीनची चूक नाही. मीच जोडलाय, माझ्याच हातून आत काहीतरी राहिलं असणार."

बाळकृष्णरावांना हे ऐकवेना. पोर त्यांचं पाप स्वतःच्या डोक्यावर घेत होती आणि ते वर्तमानपत्र धरून बसले होते.

ते उठले. पेटीतून स्क्रूड्रायव्हर काढून तिच्यासमोर धरला.

"त्यांना सांग, दोनच्या आत पानं येतायत. डब्बा उघड. आत तांदूळ आहेत."

"काय आहे?"

"अक्षता. अंदाजे एक मूठ. काल दुपारी चार वाजता मी वाहिल्या. वर हळदकुंकूही लावलं होतं."

टेबलावरच्या फोनमधून गिरीशचं हसू फुटलं ते थांबेचना. शिल्पा हसली नाही. ती सासऱ्यांकडे बघत राहिली, आणि मोठमोठ्या साहेबांपुढे न वाकलेले बाळकृष्णराव जमिनीकडे बघू लागले.

"बाबा," ती म्हणाली, "टॉर्च धरा."

झाकण निघालं. आत मंगलकार्य उरकल्यासारखं दिसत होतं! हिरव्या पाटीवर लाल-पिवळे दाणे, वायरीत झेंडूची पाकळी, आणि पंख्याच्या पात्यात नि चौकटीत नेमका एक दाणा घट्ट रुतलेला. शिल्पाने तो चिमट्याने ओढून काढला, बाकीचे आपल्या रंगाच्या ब्रशने टिपून घेतले. बाळकृष्णरावांनी टॉर्च फिरवून आणखी सात शोधले. पाऊण वाजता तिने बटण दाबलं. आठ सेकंद गेले. बारा गेले. मिनिट गेलं. पडद्यावर तिचा निळा हत्ती सोंड वर करून उभा राहिला, आणि सासरा-सून दोघं एकदमच ओरडली. सव्वा वाजता आठही पानं पुण्याला पोहोचली.

"पण बाबा, ह्याची पूजा कशाला केलीत?" शिल्पाने आता निवांत विचारलं.

"कशाला म्हणजे? ज्याच्यावर आपण काम करतो त्या अवजाराची पूजा करतात. माझी अवजारं रिटायर झाली, तुझं कामाला लागलंय. तुझंच आधी पुजायला हवं होतं."

शिल्पाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मला वाटायचं, घरात सगळ्यांना माझं काम म्हणजे टाइमपास वाटतो."

"छे!" बाळकृष्णराव म्हणाले. सून घरात आल्यापासून इतकं साधं बोलायला आपल्याला तीन वर्षं लागली, ह्याची त्यांना लाज वाटली आणि बोलून झालं म्हणून आनंदही झाला.

दारात इंदुमतीबाई उभ्या होत्या, हातात लाटणं. "ऐकलं मी सगळं. कामाचं अवजार म्हणे! चाळीस वर्षं ह्या लाटण्यावर घर जेवतंय. त्याला कधी कुंकवाचं बोट लावलंत?"

शिल्पा खुर्चीत कोसळून हसायला लागली. बाळकृष्णराव मात्र हसले नाहीत. त्यांनी पूजेचं ताट उचललं, स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यावर एकेक वस्तू रांगेने मांडली. पोळपाट, झारा, किसणी, कुकर. मग बायकोच्या हातातलं लाटणं घेऊन मधोमध ठेवलं, त्याला हळदकुंकू लावलं आणि हात जोडून डोळे मिटले.

इंदुमतीबाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "अहो, मी गंमत करत होते."

"मी नाही," बाळकृष्णराव म्हणाले आणि किसणीकडे वळले.