मु. पो. लाँग पुल

हॅझलफर्ड गावात टपाल वाटायला मला चाळीस मिनिटं लागतात, आणि त्यातली पंचवीस ग्वेंडाच्या पबात जातात. हे मी कुणापासून लपवत नाही. सव्वीस वर्षांत माझ्याविरुद्ध एकच तक्रार गेली, आणि ती करणारा माणूस ती लिहायला त्याच पबात बसला होता.

पबाचं नाव लाँग पुल, म्हणजे ‘लांब ओढ’. कालव्याच्या काठाला इतका खेटून की स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात काढला की बोटीवरच्या माणसाला ताटली देता येते. आत गेलं की बार म्हणजे एक अर्धा दरवाजा, आणि त्याच्या मागे तळघराच्या पायऱ्या. ग्वेंडा मॅचिन रिकामा जग घेऊन खाली उतरते आणि पिंपातली बिअर भरून वर येते. तिचे गुडघे कुरकुरतात ते बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू येतं, पण ‘वर नळ का बसवत नाहीस?’ असं विचारणाऱ्याकडे ती अशी बघते की तो बिचारा पुढचा तासभर खाली मान घालून पितो. टीव्ही नाही, गाणी नाहीत. खायला चीज-कांद्याचा पाव, तोही तिची मर्जी असेल तर.

खरं सांगायचं तर गावानं या पबाकडे केव्हाच पाठ फिरवली होती. पब चालायचा तो बोटवाल्यांच्या जिवावर. बारा महिने बोटीत राहणारी ही माणसं. कालव्याचा नियम असा की एका जागी चौदा दिवसांच्या वर थांबायचं नाही, त्यामुळे ती सदा फिरतीवर. पण हॅझलफर्डला आली की पबात पाय ठेवायला जागा नसायची. कोणी येता-येता गळकी पन्हळ बसवून द्यायचा, कोणी चार पोती कोळसा उतरवायचा. ग्वेंडाचा पाय मोडला तेव्हा बेव्ह आणि जोडी या दोघी बोटवाल्यांनी पाळी लावून पब चालवला. त्यांनी भरलेल्या जगात बिअर कमी आणि फेस जास्त असायचा, पण दार एक दिवस बंद राहिलं नाही.

मार्चमध्ये पत्र आलं. मीच आणलं ते, दुसरं कोण आणणार? इमारत ज्या कंपनीच्या मालकीची होती तिनं ती चार फ्लॅट बांधणाऱ्याला विकायला काढली होती. सप्टेंबरपर्यंत जागा रिकामी करा. ग्वेंडा एकोणतीस वर्षं पबाच्या वरच्या दोन खोल्यांत राहत होती. तिला दुसरं घर नव्हतं.

वाट एकच होती. काउन्सिलच्या यादीत ‘गावाच्या गरजेची जागा’ म्हणून पबाची नोंद झाली की विक्री सहा महिने अडकते आणि गावाला स्वतः बोली लावता येते. आमच्या काउन्सिलचा त्यासाठी नियम होता, गावच्या मतदारयादीतल्या एकवीस जणांच्या सह्या.

ऐकायला किरकोळ वाटतं. पण हॅझलफर्डात घरं एकोणीस, आणि त्यातली अकरा शनिवार-रविवारवाल्यांची. त्यांची मतं शहरात. उरलेल्या आठ घरांत मी आणि ग्वेंडानं उंबरे झिजवले आणि तेरा सह्या जमवल्या. तेरावी मिसेस हीथकोटची. तिच्या कुत्र्याला यापुढे शिव्या देणार नाही असं मला तिच्या दारात उभं राहून कबूल करावं लागलं. बोटवाल्यांनी वेगळ्या कागदावर तीनशे सह्या केल्या होत्या. तो कागद काउन्सिलनं जसाच्या तसा परत पाठवला. पत्ता नाही, सबब ग्राह्य नाही.

ग्वेंडा तळघराच्या पायरीवर जग मांडीत घेऊन बसली.

“नोरीन, ज्यांनी हा पब जिवंत ठेवला त्यांना हे लोक माणसांत धरत नाहीत गं.”

“माणसांत धरतात. यादीत धरत नाहीत.”

“मग त्यात फरक काय?”

फरक होता, आणि तो टपालवालीला माहीत असतो. मी नवी असताना शहरात बदलीवर होते, तेव्हा माझ्या हातात एक मतदानाचं कार्ड आलं होतं. खाली माणसाचं नाव आणि पत्ता म्हणून ‘बस डेपो, तिसऱ्या फलाटाचा आडोसा’. कोणीतरी थट्टा केली असं समजून मी गेले, तर माणूस तिथं हजर. घर नसलेल्यालाही मत असतं. आपला जास्तीत जास्त वेळ जिथं जातो ती जागा लिहायची, बस. त्याचा वेगळा फॉर्म मिळतो.

“आणि हे तू मला आज सांगतेस?” ग्वेंडा उठलीच.

“तू विचारलंस आज!”

फॉर्म आणले. पण तीनशे बोटवाल्यांतल्या बहुतेकांची नावं कुठं ना कुठं होतीच, कुणाचं आईच्या घरी, कुणाचं भावाकडे. लाँग पुलला खरोखर वरचेवर असणारे आणि कुठंच नाव नसलेले असे सहा बोटींतले सात जण निघाले. तेरा आणि सात वीस. उरला एकच माणूस, लेन स्कॅटरगुड.

लेन एकाहत्तर वर्षांचा. जन्म बोटीतला, बापाबरोबर कोळसा वाहण्यात हयात गेलेली. आता ‘डॉटरेल’ नावाच्या सत्तर फुटी बोटीत एकटा राहतो. मी फॉर्म पुढं केला तेव्हा त्यानं तो बोटाच्या टोकानं माझ्याकडे परत सरकवला.

“नको, बदके.” आमच्याकडची लाडाची हाक तीच. “मी आठ वर्षांचा असताना असाच एक जण नाव लिहून घ्यायला आला होता. टोपी काढून, अगदी गोड बोलत. आईनं सांगितलं नाव. पंधरा दिवसांनी मला उचललं आणि शाळेच्या वसतिगृहात टाकलं. दोन वर्षं मला पाणी दिसलं नाही. आता बोटीच्या परवान्याला इलाज नाही, पण त्यापलीकडे कुठल्या यादीत माझं नाव नाही. जाणारही नाही.”

ग्वेंडा नुसतं “बरं, लेन,” म्हणाली आणि त्याचा ग्लास भरायला खाली गेली. तिचा जीव टांगणीला लागलेला, तरी एका शब्दानं तिनं त्याला गळ घातली नाही. मी मात्र कुठली ऐकायला?

“छान! ती रस्त्यावर येऊ दे. तुझं नाव कोरं राहिलं म्हणजे झालं!”

लेन उठला आणि भरून येणाऱ्या ग्लासाची वाट न बघता निघून गेला. रात्रभर मला माझ्याच तोंडाचा राग येत राहिला.

पुढच्या आठवड्यात काउन्सिलचं पत्र. कारकून मिस्टर प्रिचर्ड गुरुवारी अकराला जागेवर येऊन खात्री करतील, राहतं ठिकाण डोळ्यांनी पाहतील आणि त्याच दिवशी यादी बंद होईल. बोटवाले चौदा दिवस भरले म्हणून रविवारीच वर सरकले होते, लेनही त्यांच्याबरोबर. दोन मैलांवर बोट वळवायची रुंद जागा आहे. तिथून बुधवारी परत फिरायचं ठरलं होतं. मंगळवारी वारा सुटला आणि नेमक्या त्या जागेत विलोचं एक जुनं झाड आडवं झालं. इतर ठिकाणी कालव्याची रुंदी बोटीच्या लांबीच्या निम्मीसुद्धा नाही. पुढची वळायची जागा नऊ लॉक, म्हणजे बोट वर-खाली घेणारे पाण्याचे दरवाजे, ओलांडून, म्हणजे शुक्रवार उजाडला असता.

बुधवारी दुपारी मी सायकल हाणत तिथं पोचले. बेव्हचे डोळे सुजलेले होते. जोडी सगळ्यांना म्हणत होती, “चालत जाऊ या ना! दोन मैल तर आहे!”

लेन आपल्या बोटीच्या टपावर बटाटे सोलत बसला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, “चालत गेलात तर सात भटके. बोटी घेऊन गेलात तर घरदार असलेली माणसं. त्या कारकुनाला घर बघायचंय.”

“अहो पण वळवायच्या कशा?” जोडी चिडली.

“वळवायच्या कशाला? उलट्या न्यायच्या.”

या बोटी मागं जाताना सुकाणूला जुमानत नाहीत. तोंड भलतीकडे जातं आणि शेपूट काठात रुततं. शंभर हात उलटं जायचं म्हटलं तरी दोन माणसांची भांडणं होतात. इथं दोन मैल, तीन पूल आणि सहा बोटी.

“इंजिन बंद. दोर बांधायचा आणि काठावरून ओढायच्या,” लेन म्हणाला. “बोट ओढणारा आमचा घोडा मेला तेव्हा बाप अशीच ओढायचा. मी काठी घेऊन तोंड सांभाळतो.”

“आणि ओढायला माणसं?”

आता त्यानं माझ्याकडे पाहिलं. “का? तुझं गाव कुठं गेलं?”

गुरुवारी सकाळी सहाला मी एकही पत्र न घेता हॅझलफर्डची सगळी दारं वाजवली. ग्वेंडा कारकुनासाठी पबात थांबली, बाकी सह्या करणारे सगळे आले. मिसेस हीथकोट कुत्र्यासकट आली. सुट्टीवर आलेला एक शहरी नवरा रात्रीच्या पायजम्यातच आला, आणि दहा मिनिटांत त्याच्या हाताला असे फोड आले की तो ते सगळ्यांना अभिमानानं दाखवू लागला.

असं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. दोराला पुढं गाव, मागं बोटवाले, आणि सहा बोटी शेपटाकडून निघालेल्या. लेन एका बोटीच्या नाकावरून दुसऱ्या बोटीच्या नाकावर जायचा, काठी रोवायचा आणि ओरडायचा, “ढिला! ढिला सोडा, गाढवांनो! आता खेचा!” ज्यांनी वर्षानुवर्षं बोटवाल्यांना साधी मान हलवली नव्हती ती माणसं त्याच्या शिव्या खाऊन हसत होती. दुसऱ्या पुलाखाली एक बोट तिरकी अडकली तेव्हा मिसेस हीथकोट गुडघाभर चिखलात उतरली आणि खांदा लावला. तिच्या कुत्र्याबद्दलचे माझे सगळे शब्द मी मनातल्या मनात मागे घेतले. बोटी निघाल्या तेव्हा लेननं स्वतःची ‘डॉटरेल’ मागेच ठेवली होती. तो फक्त इतरांना पोचवायला आला होता.

अकराला पाच मिनिटं कमी असताना आम्ही वळणावर आलो. पबासमोर मिस्टर प्रिचर्ड फाइल घेऊन उभे, शेजारी भारी कोटातला कंपनीचा माणूस, आणि दारात दोन्ही हात तोंडावर धरून ग्वेंडा. बोटी एकामागून एक उलट्या येत होत्या आणि गावाच्या अंगावर चिखलाशिवाय जागा उरली नव्हती. प्रिचर्डसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

त्यांनी सहाही बोटी आतून पाहिल्या. बेव्हनं त्यांना चहासुद्धा पाजला. एकेक नाव घेऊन खूण करत ते परत आले.

“तेरा आणि सात. वीस.”

ग्वेंडानं हळूच हात खाली घेतले.

कंपनीचा माणूस नम्रपणे लेनकडे वळला. लेन भिंतीला टेकून उभा होता, तळहात सोललेले. “आणि हे गृहस्थ? यांचं नाव कुठंच नाही ना? म्हणजे नियमानं बघितलं, तर हे इथं नाहीतच.”

“काय म्हणाला हा?” लेननं मला विचारलं.

“तू इथं नाहीस म्हणतोय.”

“नाही? मग सकाळपासून या सहा बोटी काय याच्या बापानं आणल्या?” त्याची मान लाल झाली होती. त्यानं ग्वेंडाकडे पाहिलं आणि माझ्यापुढं हात पसरला. “आण गं तो कागद.”

फॉर्म आठवडाभर माझ्या झोळीतच होता. लेननं तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि एकेक अक्षर कोरावं तसं नाव लिहिलं. त्याच्या तळहाताचा रक्ताचा डाग कागदाच्या कोपऱ्यावर उमटला. मग पत्त्याच्या रकान्याशी तो थांबला.

“जास्त वेळ कुठं असता ते लिहा,” प्रिचर्ड म्हणाले.

“दाराच्या डावीकडचा बाक, लाँग पुल, हॅझलफर्ड,” लेन मोठ्यानं म्हणत लिहू लागला.

“डावीकडचा म्हणजे आत जाताना, की बाहेर पडताना?”

“बाहेर कोण पडतंय, साहेब?”

पहिल्यांदा प्रिचर्डच हसले. मग त्यांनी कागदावर शिक्का मारला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “एकवीस!” सहाही बोटींचे भोंगे एकदम वाजले, गाव ओरडत सुटलं आणि तो पायजम्यातला शहरी नवरा जोडीला मिठी मारून नाचायला लागला. भारी कोट कधी निघून गेला ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. ग्वेंडा अर्ध्या दरवाजाला धरून मोकळेपणी रडली. मग लेनचे दोन्ही हात थंड पाण्याच्या पातेल्यात बुडवून धरत म्हणाली, “मी तुझ्याकडे मागितलं नव्हतं रे.”

“म्हणून तर दिलं,” लेन म्हणाला.

विक्री अडकली. बोटवाल्यांनी कालव्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पैशांसाठी हाक दिली, गावानं शहरी शेजाऱ्यांना कामाला लावलं, आणि पुढच्या वसंतात लाँग पुल आमचा झाला, सगळ्यांचा मिळून. ग्वेंडा वरच्या दोन खोल्यांतच आहे. नळ अजून बसवू देत नाही.

चौदा दिवस भरले की लेन निघतोच. परवा मी लॉकजवळून सायकल ढकलत चालले होते. तो ‘डॉटरेल’ वर नेत होता, आणि भाड्याच्या बोटीतल्या एका पाहुण्यानं सहज विचारलं, “काका, तुम्ही मूळचे कुठले?”

लेन लॉकच्या दरवाजाला पाठ लावून उभा होता. “हॅझलफर्डचा,” म्हणाला, आणि माझ्याकडे बोट दाखवलं. “खोटं वाटत असेल तर या पोस्टाच्या बाईंना विचारा.”

पाहुण्यानं खरंच माझ्याकडे पाहिलं.

“हो,” मी म्हटलं. “आमच्याच गावचा आहे.”