टायपिस्टची साक्ष

“अकरा वर्षं तुरुंगात पहारेकरी होतो, असंच लिही. त्यात लाजायचं काय?” शरयूचे सहकारी मिस्टर डॉब्स म्हणाले आणि तिने तसंच टाइप केलं.

विद्यापीठाच्या वांशिक न्याय केंद्राचं माहितीपत्रक छापायला जायचं होतं. कोण आधी कोणत्या पेशात होतं, ते त्यात द्यायचं होतं. संचालिका हॅरिएट कोल वकील होत्या. शरयू देवस्थळीने स्वतःच्या नावापुढे ‘टायपिस्ट, १९८१पासून’ एवढंच लिहिलं. नागपूरच्या मेडिकल कॉलेजात तिने सहा वर्षं शवविच्छेदनं केली होती. पण अमेरिकेत येऊन पुन्हा परीक्षा, पुन्हा रेसिडेन्सीची उमेदवारी, त्यात पाठोपाठ दोन मुली. डॉक्टरकी मागे पडली ती पडलीच.

त्याच आठवड्यात मिसेस ऑपल टिब्स केंद्रात आल्या. पन्नाशीच्या, कृष्णवर्णीय, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या. त्यांचा बावीस वर्षांचा मुलगा कॅल्विन गाडी चोरल्याच्या संशयावरून काउंटीच्या, म्हणजे जिल्हा प्रशासनाच्या, कोठडीत गेला आणि दुसऱ्या सकाळी मेलेला सापडला. चादरीने गळफास घेतला, असं काउंटीचं म्हणणं होतं. शवविच्छेदनाचा अहवाल प्रती काढायला शरयूकडे आला.

दुसऱ्या पानाशी तिचा हात थांबला. ती पान घेऊन थेट कोलबाईंच्या खोलीत गेली.

“हा गळफास नाही. लटकलेल्या माणसाच्या मानेवर वळ तिरका, कानाकडे चढत जातो. इथे आडवा लिहिलाय, मानेभोवती सगळीकडून. मागून कुणीतरी आवळलंय.”

“तुला कसं कळलं?”

“मी सातशेच्या वर प्रेतं तपासलीत.”

“आणि मी तीन वर्षं तुला पत्रं टाइप करायला देतेय,” कोलबाई म्हणाल्या.

त्यांनी दोन नावाजलेल्या तज्ज्ञांना विचारून पाहिलं. काउंटीविरुद्ध बोलायला कुणी तयार होईना. साक्षीला उरली शरयू.

घरी तिच्या नवऱ्याने, गुरुदत्तने, जेवता जेवता हात थांबवला. “सिटिझनशिपचा अर्ज पेंडिंग आहे आपला. पोलिसांशी पंगा घेऊन कसं चालेल? दुसरं कोणी नाही का मिळत?”

“नाही मिळत.”

“आणि तुझं कोण ऐकणार आहे, शरयू?”

तो रागाने बोलला नव्हता, म्हणूनच ते तिला जास्त लागलं.

कॅल्विनच्या मृत्यूच्या सुनावणीला ती साडी नेसून गेली. काउंटीचा वकील फारच अदबीने बोलत होता.

“या राज्यात डॉक्टरकीचं लायसन्स आहे आपल्याकडे?”

“नाही.”

“इतर कुठल्या राज्यात?”

“नाही. भारतात...”

“विद्यापीठात आपलं पद काय?”

“टायपिस्ट.”

मागे कुणीतरी हसलं. तिने वळाबद्दल, अहवालातल्या नखांच्या नोंदीबद्दल सगळं सांगितलं. आवाज कापला नाही. न्यायाधीशांनी ऐकून घेतलं आणि हे तज्ज्ञाचं मत म्हणून धरता येणार नाही, असं नोंदवलं. चाळीस मिनिटांत निकाल आला: आत्महत्या. डॉब्स टोपी हातात घेऊन बाहेर गेले.

कॉरिडॉरमधल्या बाकावर मिसेस टिब्स एकट्याच बसल्या होत्या. शरयूने माफी मागायला तोंड उघडलं, पण मिसेस टिब्सच आधी म्हणाल्या, “डॉक्टर, एक विचारू?”

अमेरिकेत आल्यापासून तिला या नावाने कुणी हाक मारली नव्हती.

“त्याला फार वेळ लागला का?”

नागपूरला हा प्रश्न तिला शंभरदा विचारला गेला होता. उत्तर ठरलेलं असायचं: नाही, काही कळलंच नाही त्याला. तेच ओठांवर आलं.

“मला सगळ्यांनी खोटं सांगितलंय,” मिसेस टिब्स म्हणाल्या. “तुम्ही नका सांगू.”

शरयू त्यांच्या शेजारी बसली. “अर्धं मिनिट असेल. मग शुद्ध गेली. पण तेवढ्यात तो झगडला. त्याची तीन नखं तुटलीत.”

मिसेस टिब्सनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा.

“तीन,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी शरयूचा हात उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि तिच्या बोटांवरून, नखांवरून अंगठा फिरवत बसून राहिल्या. शिपाई एकेक खोली बंद करत त्यांच्यापर्यंत आला, थोडा थांबला, आणि परत गेला.