तेलक्षेत्रातला प्रसूतिकक्ष

सिस्टरनी जनरेटरचा दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता आणि पलीकडून त्यांचा धाकटा दीर तोच दांडा ओढत होता. जनरेटर दवाखान्याच्या उंबऱ्यावर अडकला होता. पुढची चाकं बाहेर, मागची आत.

"वहिनी, सोडा ना. लोक बघतायत."

"बघू देत. भाऊजी, आत बाईला कळा येतायत."

"मंत्री येऊन बसलेत आणि स्टेजमागचा जनरेटर आयत्या वेळी बंद पडलाय. सभा संपली की मी स्वतः परत आणून देतो."

"सभा संपेपर्यंत बाळाला थांबायला सांगितलंय का त्यांनी?"

दीर तेलक्षेत्रावर वायरमन होता. माणूस वाईट नव्हता, पण सांगकाम्या. तो खाली मान घालून उभा राहिला. मग त्याच्या मागचा पोलीस पुढे झाला आणि लहान मुलाच्या हातातून खेळणं सोडवावं तशी सिस्टरची बोटं एकेक करून त्याने दांड्यावरून सोडवली. ओरडला नाही, ढकललं नाही. "माफ करा हं, मॅडम," असंही म्हणाला. जनरेटर धडधडत पायऱ्या उतरला आणि गाडीत चढला.

गावाच्या डोक्यावर तेलक्षेत्राची मशाल जळत होती. विहिरीतून तेलाबरोबर वर येणारा गॅस साठवायला सोय नाही, म्हणून तो उंच नळीच्या टोकाशी अहोरात्र जाळून टाकत. त्या उजेडाने गावातले पक्षी अवेळी ओरडत. दवाखान्यातली वीज मात्र पाहुणीसारखी यायची आणि पाहुणीपेक्षा लवकर जायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आज तर डॉक्टर आणि रुग्णवाहिका दोन्ही सकाळपासून मंत्र्यांच्या ताफ्यात होते. साहेबांना ठसका लागलाच तर हाताशी असावेत म्हणून.

प्रसूतीच्या खोलीच्या खिडक्या काजळीमुळे कायमच्या बंद केलेल्या. खाटेवर शेजारच्या चाळीतली शिंपीण होती. आजच्या सभेच्या स्टेजची झालर तिनेच शिवली होती. शेवटचा टाका घालून उठली आणि कळा सुरू झाल्या. तिची सासू मोबाइलचा दिवा धरून उभी होती. त्या दिव्यात सिस्टरनी चादरीवरचं पाणी पाहिलं. ते हिरवट होतं.

"काय झालं?" सासूने विचारलं.

"बाळाने पोटातच शी केलीय. बाहेर आल्यावर त्याच्या तोंडातली घाण ओढून काढायला मशीन लागेल, तर मशीनला वीज नाही."

"मग?"

 सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि असं झालं की त्यांचा आवाज उलट खाली यायचा. त्यांनी मशीन बगलेत मारलं, धुतलेल्या कापडांचं गाठोडं सासूच्या हातात दिलं आणि रस्त्यावर जाऊन पहिली दिसली ती गाडी हात करून थांबवली. सभेला खुर्च्या घेऊन निघालेला टेम्पो होता तो.

"बाई, खुर्च्या पोचवायच्यात. उशीर झाला तर कंत्राटदार माझी सालटी काढेल."

"तिकडेच जायचंय. एक बाई जास्त, एवढंच."

शिंपिणीला खुर्च्यांच्या दोन चळतींमधे गादी टाकून निजवलं. टेम्पो खड्ड्यात आपटला की ती दात आवळून म्हणायची, "सिस्टर, मला धरा," आणि सिस्टर म्हणायच्या, "धरलंय गं, धरलंय." सासू तेवढा वेळ सरकारचा उद्धार करत होती, आणि तिचा शब्दसाठा मोठा होता.

तेलक्षेत्राच्या फाटकावर पास मागितला.

"पास हिच्या पोटात आहे," सिस्टर म्हणाल्या. "बघायचाय?"

रखवालदाराने चादरीकडे पाहिलं आणि आडवा बांबू वर केला.

स्टेजच्या मागे मंत्र्यांच्या विश्रांतीसाठी एक तयार खोली आणून ठेवली होती. पांढऱ्या पत्र्याची, आत गारवा, सोफा, फळांची परडी, आणि कोपऱ्यात उकळत्या पाण्याचं भांडं. खोलीची वायर सरळ दवाखान्याच्या जनरेटरला जोडलेली होती. दीर तिथेच उकिडवा बसला होता. वहिनी, शिंपीण आणि तिची सासू अशी वरात येताना पाहून तो उठला आणि दारातल्या सचिवाकडे पाहू लागला.

"अहो, इथे नाही!" सचिव आडवा आला. "ही साहेबांची खोली आहे."

"साहेब बोलतायत. त्यांचं व्हायला वेळ आहे. हिचं होत आलंय."

त्याला बाजूला सारायचीही गरज पडली नाही. शिंपिणीने दाराची चौकट धरून असा काही हंबरडा फोडला, की तो आपणहून पायरी उतरला. दिराने न सांगता मशीनचा प्लग लावला, दार बाहेरून लोटून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभा राहिला.

लाउडस्पीकर भिंतीला चिकटूनच होता. प्रत्येक वाक्य पत्र्यातून आत येत होतं. "आजवर आपण तेलासाठी परक्यांच्या दारात उभे राहिलो! यापुढे आपल्या जमिनीतलं तेल आपल्या चुलीपर्यंत! यापुढे कोणापुढे हात पसरणार नाही!" टाळ्या पडत होत्या आणि टाळ्यांच्या मधे सिस्टर म्हणत होत्या, "आता जोर कर. थांब. आता."

मुलगी झाली. निळसर, लोळागोळा. सिस्टरनी नळी तोंडात घातली, मग नाकात. मशीन घरघरलं. पाठ चोळली, टाचेवर टिचक्या मारल्या. सासूच्या तोंडचे शब्द आटले होते. बाहेर स्वावलंबन चालू होतं. शिंपीण मान उचलून विचारत होती, "रडत का नाही? सिस्टर, ती रडत का नाही?" आणि सिस्टर नळी फिरवत होत्या, पुन्हा, पुन्हा, आणि मग ती रडली, आधी मांजराच्या पिल्लासारखी, मग अशी की साहेबांचं वाक्य तुटलं.

भाषण संपल्यावर मंत्री आत आले. सिस्टरनी बोलायची सगळी तयारी केली होती. हाताला रक्त तसंच होतं. पण मंत्री चिडले नाहीत. त्यांनी हात जोडले. डोळ्यांत पाणी आणलं.

"ताई, हा तर शुभशकुन!"

"साहेब, हा जनरेटर आमच्या दवाखान्याचा आहे. डॉक्टर आमचे आहेत. ही बाई दवाखान्यात—"

"आत्ताच्या आत्ता परत पाठवा!" मंत्र्यांनी वळून सांगितलं. भोवतालच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मंत्र्यांनी बाळ हातात घेतलं आणि छायाचित्रकाराने सिस्टरना जरा डावीकडे व्हायला सांगितलं. "हिचं नाव ऊर्जा ठेवा," मंत्री शिंपिणीला म्हणाले.

शिंपिणीने मुलीला परत पदराखाली घेतलं. "तिच्या आत्याला विचारावं लागेल," ती म्हणाली.

जनरेटर संध्याकाळी खरंच परत आला. सिस्टरना वाटलं, चला, निदान बोललो ते वाया गेलं नाही.

पण पुढच्याच आठवड्यात गावाच्या चौकात मोठा फलक लागला. त्यावर मंत्री, त्यांच्या हातात कपड्यात गुंडाळलेलं बाळ, आणि सिस्टरचा अर्धा खांदा. खाली अक्षरं: 'तेलक्षेत्र देते प्रकाश. सुसज्ज प्रसूतिकक्षात पहिल्या कन्येचं आगमन.' सिस्टर फलकाखाली उभ्या राहून हसल्या. संताप इतका झाला की दुसरं काही सुचेना.

महिना उलटला आणि एक दिवस डॉक्टर त्यांच्या टेबलापाशी येऊन घुटमळू लागले.

"सिस्टर, आपल्याकडची बाळंतपणं बंद करायची आहेत. वरून आलंय. तेलक्षेत्रावर सुसज्ज सोय झाली असताना इथे दुप्पट खर्च कशाला, असं म्हणणं आहे. खाट आणि मशीनही तिकडे हलवायचंय."

"तिकडे म्हणजे कुठे? ती खोली भाड्याची होती. दुसऱ्याच दिवशी क्रेनने उचलून नेली. तुम्ही पाहिलीत."

"मी पाहिली."

"मग कळवलं नाहीत?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "कळवलं. ते म्हणाले, फलक पाहा."

 खाट उचलायला माणसं आली तेव्हा सिस्टरनी चादर काढून घडी घातली, गादी झटकून दिली. दीर त्या माणसांबरोबर होता. "वहिनी, शिव्या तरी द्या," तो म्हणाला. त्यांनी शिव्याही दिल्या नाहीत.

खाट आणि मशीन तेलक्षेत्रावरच्या गोदामात जाऊन पडलं. सिस्टरना लसी द्यायचं आणि पट्ट्या बांधायचं काम उरलं.

एका सकाळी दीर दवाखान्यात धावत आला. "वहिनी, चला. फलक बघून लांबच्या पाड्यावरची बाई आलीय. नवरा बरोबर आहे. मोकळ्या जागेत उभे राहून विचारतायत, दवाखाना कुठाय म्हणून."

सिस्टर पोचल्या तेव्हा ती पोरगी क्रेनने नेलेल्या खोलीच्या जागी, चार विटांच्या खुणांमधे उभी होती, कमरेवर हात देऊन. नवऱ्याच्या हातात पिशवी, पिशवीतून नव्या दुपट्याचं टोक बाहेर आलेलं. गवत पुन्हा उगवलं होतं.

"बाई, इथेच ना ते?" नवऱ्याने विचारलं. "फोटोत होतं ते?"

दीर सिस्टरकडे बघत होता. त्या आता फुटतील असं त्याला वाटलं. सिस्टरनी पोरीच्या पोटावर हात ठेवला, कळ सरेपर्यंत तसाच ठेवला. मग मान वर करून आजूबाजूला पाहिलं. मैदानापलीकडे व्यवस्थापकांची कचेरी होती. काचेची, दिवसाढवळ्या आत दिवे लागलेले.

"इथे नाही," त्या म्हणाल्या. "जरा पुढे आहे. चालवेल ना?"

पोरीने मान हलवली. सिस्टरनी तिचा हात आपल्या खांद्यावर घेतला.

"भाऊजी, गोदामाची किल्ली तुमच्याकडेच असते ना?"

 दीर खिसा चाचपत गोदामाकडे धावला.

कचेरीच्या दारात गणवेशातला माणूस उठून उभा राहिला.

"कोणाला भेटायचंय?"

"कोणालाच नाही," सिस्टर म्हणाल्या. "दार मोठं उघडा, आत खाट यायचीय."