मागच्या खोलीचा ढाळ

मी एक जुनी पाणसळ आहे. मित्रांनो, जुनी म्हटल्याबरोबर चेहरे कनवाळू करू नका. नीट बसा आणि ऐका. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझे नावसुद्धा ऐकले नसेल. हल्लीचे कारागीर मला ‘लेव्हल’ म्हणतात. म्हणोत बापडे. कठीण काळसर लाकडाचे माझे अंग आहे, दोन्ही टोकांना पितळी पट्ट्या आहेत आणि मधोमध काचेची एक नळी बसवलेली आहे. नळीत हिरवट पाणी आणि त्यात एकच एक बुडबुडा. मला ठेवाल ती जागा सपाट असेल, तर बुडबुडा दोन काळ्या रेघांच्या मध्ये गुमान थांबतो. जागा कललेली असेल, तर जी बाजू उंच असेल तिकडे तो सरकतो. माझे काम एवढेच; परंतु ते मी आजवर कुणाचीही भीड न ठेवता केले आहे.

ज्याने मला घडवले तो माणूस मितभाषी होता. नळी मनासारखी बसेना म्हणून त्याने ती बसवली, काढली आणि पुन्हा बसवली. शेजारच्या बाकावरून कुणीतरी म्हणाले, “अरे, केसाएवढा फरक कोण बघतंय?” माझ्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, “ही बघेल.” माझ्या जन्माच्या वेळचे हे शब्द आहेत आणि त्यांचा मला आजही अभिमान वाटतो.

पुढे मी एका गवंड्याच्या हाती आले. त्याच्यासोबत मी शाळांच्या पायऱ्यांवर, दुकानांच्या कट्ट्यांवर आणि शहराच्या कडेला उभ्या राहणाऱ्या लहान लहान घरांच्या भिंतींवर बसले. विटांचा थर चढला की मजूर आपापसांत हुज्जत घालत, “सरळ आहे की,” “कुठे सरळ, डोळे तपासून घे!” मग गवंडी मला त्या थरावर ठेवी आणि सगळे चूप होत. काम संपले की तो मला स्वतःच्या सदऱ्याने पुसून लोकरीच्या पिशवीत घाली. इतका मान किती जणांच्या वाट्याला येतो?

गवंडी थकला आणि एके दिवशी गेला. त्याचा मुलगा विमा कचेरीत कारकून. त्याने आयुष्यात एक वीट रचली नाही, पण बापाचा रुबाब मात्र पुरेपूर उचलला. मला त्याने चपलांच्या कपाटात, मोडक्या छत्रीच्या शेजारी ठेवले. भिंतीवर तसबीर टांगायची वेळ आली की तेवढी माझी आठवण होई. लोकरीच्या पिशवीचे पायपुसणे झाले. मी तक्रार केली नाही. आमच्या पिढीला रडगाणे गाण्याची सवय नव्हती.

अशातच त्याच्या भाचीने घर घ्यायचे ठरवले. ती आणि तिचा नवरा भाड्याच्या एका खोलीत राहत होते. उपनगरातले एक जुने, बैठे घर तिने पाहून ठेवले होते. पुढे लहानसे फाटक, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि परसदारी उघडणारी एक मागची खोली. त्या घराने तिच्या मनात ठाण मांडले होते. पण आयुष्यातले पहिलेच घर, आणि ते चुकले तर दुसरे घेण्याची ऐपत नाही, या भीतीने तिची झोप उडाली होती. “मामा, तुम्ही या बरोबर,” असे तिने सांगताच मामांची छाती दोन बोटे फुगली. त्यांनी मला कपाटातून काढले, फुंकर मारली आणि काखोटीला मारून निघाले.

घराची मालकीण इस्पितळातून निवृत्त झालेली मेट्रन होती. पाठीचा कणा ताठ, साडी कडक, केस चापून बांधलेले. पाहताक्षणीच ती मला आवडली. दार उघडून ती एवढेच म्हणाली, “बघा. पटलं तर घ्या. मी माझ्या घराची जाहिरात करत नाही.”

मामा खोल्याखोल्यांतून हिंडू लागले. भिंतीवर टकटक करत, छताकडे पाहून हुंकार देत. स्वयंपाकघरात भिंतीला लागून असलेल्या उंच कपाटावर त्यांनी थाप मारली. “वा! काय भक्कम कपाट आहे. हे ठेवून जाणार ना, बाई?” मेट्रनबाई पुढे चालू लागल्या. भाचीचा नवरा हळूच कुजबुजला, “मामा कपाट घ्यायला आलेत की घर?” “तू गप्प बस,” म्हणत भाचीने हसू दाबले. ती मात्र प्रत्येक दार उघडून मिटून पाहत होती.

मग सगळे मागच्या खोलीत आले. खोली उजेडाची होती. रुंद खिडकी आणि खिडकीबाहेर एक झाड. भाचीचा चेहरा उजळला. घरी आणलेले काम मांडायला तिला अशीच जागा हवी होती. मामांनी मोठ्या ऐटीत गुडघे टेकले आणि मला जमिनीवर ठेवले.

माझा बुडबुडा सरकला. थोडासा नव्हे, पार रेघ ओलांडून घराच्या आतल्या बाजूला गेला. जमीन खिडकीकडे उतरती होती. मी खोटे कसे सांगणार?

“संपलं!” मामा ओरडले. “घर खचतंय! मागची बाजू खाली बसलीय. चला, चला, इथे एक मिनिट थांबायचं नाही.”

“मामा, हळू बोला हो,” जावई म्हणाला.

“हळू कशाला, जावईबापू? उद्या छत डोक्यावर आलं की हळू येणार आहे का?”

मेट्रनबाईंचा चेहरा दगडासारखा झाला. मित्रांनो, त्या क्षणी माझा जीव तळमळला. जमीन उतरती आहे, एवढेच मी सांगितले होते. घर खचते आहे, असे मी कधी म्हटले? पण मला बुडबुड्याखेरीज दुसरी जीभ नाही, आणि माझ्याच शब्दाच्या आधाराने त्या घरावर शिक्का बसत होता.

भाचीचे डोळे भरून आले होते. ती मामांच्या शेजारी जमिनीवर बसली. “मामा, ही पाणसळ चपलांच्या कपाटात होती ना? तिचंच काही बिघडलं नसेल कशावरून?”

“माझ्या वडिलांची पाणसळ आहे ती!”

“म्हणूनच बघते.” ती चष्म्याच्या दुकानात काम करते. गिऱ्हाईक चष्मा वाकडा म्हणून तक्रार घेऊन आले, की ती तो टेबलावरच्या सपाट काचेवर ठेवते आणि फिरवून पुन्हा ठेवते, म्हणजे दोष चष्म्यात आहे की टेबलात हे कळते. तिने मला उचलले आणि माझे डावे टोक उजवीकडे करून त्याच जागी ठेवले. मी बिघडलेली असते, तर बुडबुडा आता खिडकीकडे गेला असता. तो पुन्हा घराच्या आतल्या बाजूलाच गेला. मी खरी ठरले. आणि मित्रांनो, खरी ठरल्याचे मला पहिल्यांदाच वाईट वाटले.

“बघितलंस?” मामा उठले. “चल आता.”

“थांबा ना, मामा.” तिने मला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. बुडबुडा मधोमध. उंबऱ्यावर ठेवले, मधोमध. दार अर्धे उघडून सोडले. ते जागचे हलले नाही. कोपऱ्यांतून तिने बोट फिरवले. कुठे तडा नाही.

“काही चष्मे मी मुद्दाम वाकवते,” ती स्वतःशीच बोलावे तशी बोलली. “माणसाचा एक कान खाली असला तर एक काडी खाली घ्यावी लागते. टेबलावर तो चष्मा वाकडा दिसतो, चेहऱ्यावर सरळ.” मग तिने वळून विचारले, “बाई, ही खोली आधी काय होती?”

मेट्रनबाईंनी तिच्याकडे नीट पाहिले. मला वाटते, तोवर त्यांनी कुणाकडेच पाहिले नव्हते.

“व्हरांडा होता. उघडा. पावसाचं पाणी घरात शिरू नये म्हणून जमिनीला बाहेरच्या बाजूला ढाळ दिलेला. पुढे आमचे हे अंथरुणाला खिळले. त्यांना झाड दिसायला हवं होतं. म्हणून भिंत घालून खिडकी बसवली. जमीन उकरायला वेळ नव्हता.”

“अहो, मग आधी सांगायचं नाही का?” मामा म्हणाले.

“तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही निकाल दिलात.”

मामांनी रुमाल काढून उगाचच चष्मा पुसला. जावयाने खिडकीकडे तोंड फिरवले. त्याचे खांदे हलत होते.

“आणि मुली, आता विचारलंच आहेस म्हणून सांगते,” मेट्रनबाई पुढे म्हणाल्या. “या घराला एक खोड आहे, पण ती इथे नाही. चल.” त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि त्याच भक्कम कपाटासमोर उभ्या राहिल्या. “सरकवा हे.” जावयाने कपाट सरकवले. मागची भिंत ओल धरून फुगली होती. बोट लावताच पोपडा गळून पडला. “पलीकडे न्हाणीघर आहे. भिंतीतला नळ झिरपतो. मी दुरुस्त करून देते. भिंत वाळली की स्वतः येऊन हात लावून बघ, आणि मगच हो म्हण.”

“बाई, हे तुम्ही सांगितलं नसतंत तर आम्हाला कळलंही नसतं,” भाची म्हणाली.

“घर बघायला आलेला माणूस घराशी बोलतो की नाही, ते बघत होते. उगाच कुणाच्याही हाती द्यायचं नव्हतं मला ते.”

नळ बदलला, भिंत वाळली. भाचीने तळहात टेकवून पाहिली आणि होकार दिला. सामान हलवायच्या दिवशी ती म्हणाली, “मामा, पाणसळ मला द्या ना.” मामा म्हणाले, “अगं, घर घेतलंस, आता माझा आधारही नेतेस?” पण दिली त्यांनी, आणि देताना सदऱ्याच्या बाहीने माझी पितळी पट्टी पुसली. वडिलांची आठवण झाली असावी.

मागच्या खोलीत तिने कामाचे मेज मांडले. उतारामुळे भिंगे घरंगळत. खोलीच्या कोपऱ्यात लाकडाच्या दोन जाड चकत्या पडलेल्या होत्या. त्या तिने खिडकीकडच्या पायांखाली सरकवल्या आणि मला मेजावर ठेवले. बुडबुडा सरळ रेघांच्या मध्ये आला.

काही दिवसांनी मेट्रनबाई घर पाहायला आल्या. मागच्या खोलीत त्यांची नजर खाली गेली आणि त्या थांबल्या.

“या चकत्या कुठे मिळाल्या तुला?”

“इथेच होत्या, बाई. कशाच्या होत्या कळलं नाही, पण अगदी मापात बसल्या.”

“ह्यांच्या पलंगाच्या होत्या,” त्या म्हणाल्या आणि मेजाच्या कडेवरून त्यांनी एकदा हात फिरवला. मग कडक आवाजात म्हणाल्या, “राहू देत. चांगल्या बसल्यात.”

मित्रांनो, माझी कहाणी एवढीच. घरात माझ्यासारखे एखादे जुने अवजार असेल तर त्याला चपलांत टाकू नका. पुसून, कापडात गुंडाळून ठेवा. त्याचा शब्दही माना. पण ते वाकडे म्हणाले म्हणून पाठ फिरवून निघून जाऊ नका. शेजारी गुडघे टेकून बसा, आणि तिथे जे राहिले आहेत त्यांना विचारा की इथे आधी काय होते. ते विचारणे मला जमत नाही. ते तुम्हालाच करावे लागेल.