शेवाळ समजून फेकलेलं पाणी

मित्रांनो, नागपूर-हैदराबाद हायवेवरच्या जाम गावच्या चौकातून थोडं पुढे गेलात की भंगाराच्या ढिगात तुम्हाला मी दिसेन. मी मोटारीचा जुना रेडिएटर आहे. इंजिन तापलं की तिथलं गरम पाणी माझ्या बारीक नळ्यांतून फिरायचं, वाऱ्यावर निवायचं आणि पुन्हा इंजिनात जायचं. एवढंच माझं काम, आणि तेही मला शेवटी जमलं नाही. हे सांगताना आजही जीव कासावीस होतो.

१९९५ साली सदाशिवरावांच्या नव्या मोटारीतून मी या गावात आलो. हायवेला त्यांचं किराणा दुकान होतं. माझ्या पोटात हिरवंगार कूलंट होतं. ते गंज चढू देत नाही आणि सहजासहजी उकळतही नाही. गॅरेजवाला हरिदास मिस्त्री मला थोपटून म्हणायचा, "भाऊ, नागपूरले जा नाई तं हैदराबादले. हा काई तापत नाई." मला केवढा अभिमान वाटायचा!

घरात एक पद्धत होती. होळी झाली की देवकाबाई रांजण रिकामे करत, आतलं शेवाळ काथ्याने घासत आणि ताजं पाणी भरत. १९९८च्या उन्हाळ्यात सदाशिवरावांनी माझं झाकण उघडलं, आत डोकावले आणि ओरडले, "देवका, पाह्य वं, याच्यात तं शेवाळ झालं!"

"मंग ठेवता काऊन? सांडून द्या अन् ताजं भरा," देवकाबाई म्हणाल्या.

माझं कूलंट नालीत गेलं आणि बोअरचं पाणी पोटात आलं. घरातली भांडी ज्याने पांढरी पडायची, तेच पाणी. मग दर होळीनंतर मला ताजं पाणी मिळू लागलं आणि दर वर्षी माझ्या नळ्यांत क्षारांचा थर वाढत गेला. इतक्या मायेने कुणी गळा दाबला तर रागवायचं तरी कुणावर?

२००३च्या मे महिन्यात भर दुपारी देवकाबाईंना लू लागली. अंग नुसतं भाजत होतं, शुद्ध हरपत होती. सदाशिवरावांनी त्यांना मागच्या सीटवर निजवलं. लेक हर्षा उशाशी बसली. पाण्याची एक कॅन सोबत घेऊन गाडी सावंगीच्या दवाखान्याकडे निघाली. हर्षा ओल्या फडक्याने आईचं अंग सारखं पुसत होती. मी जिवाच्या आकांताने पाणी फिरवत होतो, पण निम्म्याहून जास्त नळ्या बंद होत्या. अर्ध्या वाटेत मी उकळलो. जवळ ना घर, ना विहीर.

"हर्षा, कॅन आण!"

"बाबा, आईले लागते ते पाणी!"

"गाडीच नाई चालली तं आईले नेऊ कशी?"

दोघंही खरंच बोलत होते. मला ओरडावंसं वाटलं, मला नका देऊ, तिला द्या! पण मला वाचा कुठली? सदाशिवरावांनी झाकण फिरवलं. वाफेने त्यांचा हात भाजला, तरी त्यांनी अख्खी कॅन माझ्यात ओतली. तापलेल्या इंजिनात गार पाणी शिरलं आणि इंजिनाला तडा गेला. सगळं पाणी रस्त्यावर सांडलं. हर्षाने तिथे फडकं टेकवलं, पण डांबरावर ओलदेखील उरली नव्हती.

तासाभराने एका ट्रकवाल्याने त्यांना दवाखान्यात पोहोचवलं. देवकाबाई घरी परतल्या नाहीत.

तेरवी झाल्यावर हरिदासने मला काढलं आणि माझी एक नळी कापून सदाशिवरावांपुढे धरली. आत पांढरा दगड झाला होता. सदाशिवरावांनी शेवाळाची आणि बोअरच्या पाण्याची हकीकत सांगितली, तसा हरिदास म्हणाला,

"भाऊ, ते शेवाळ नव्हतं. ते कूलंटच होतं."

सदाशिवरावांनी ती नळी हातात घेऊन त्या दगडावर बोट फिरवलं. "एक डाव तुले पुसलं असतं तं..." एवढंच ते म्हणाले.

मित्रांनो, कूलंट कमी झालं तर इंजिन निवल्यावरच भरा. जुनं झालं तर बदला, पण त्याच्या जागी कूलंटच घाला. आणि ठाऊक नसेल ते विचारायला लाजू नका. सदाशिवरावांचं दुकान आणि हरिदासचं गॅरेज यांच्यामध्ये फक्त एक रस्ता होता.