रेषेवरचं घर

थर्झा कोलबाथ आणि हुल्डा प्रेंटिस या दोन विधवांनी मिळून एकच घर बांधलं होतं, तेही दोघींच्या जमिनींमधल्या रेषेवर. सरकारचा नियम असा, की नाव नोंदवल्यापासून सहा महिन्यांत आपल्या जमिनीवर राहायला लागा, नाहीतर जमीन गेली. नेब्रास्काच्या त्या काउंटीत झाडं काय ती ओढ्याकाठी. फळ्या आगगाडीने यायच्या आणि स्टेशन बारा मैलांवर. दोन घरं परवडणार कुणाला? म्हणून थर्झाचा पलंग ओढ्याच्या अंगाला आणि हुल्डाचा गव्हाच्या माळाच्या अंगाला. पाणी एकीचं, गहू दुसरीचा. एकीवाचून दुसरीचं पान हलत नव्हतं.

आणि परवा रस्ता आखायला आलेल्या मोजणीदाराने साखळी टाकली, तर अख्खं घर थर्झाच्या जमिनीत निघालं.

चूक थर्झाचीच. माळाच्या वरच्या कोपऱ्यातल्या दगडापासून त्यांनी सगळ्यांसारखंच मोजलं होतं. गाडीच्या चाकाला चिंधी बांधायची आणि ती किती वेळा वर येते ते मोजत खाली यायचं. मोजता मोजता थर्झा आपल्या जावेच्या टोपीची गोष्ट सांगू लागली आणि तीन फेरे मोजायचे राहिले. आता टोपीपायी मैत्रिणीची एकशे साठ एकर जमीन जाणार होती. मुदत आज सूर्यास्ताला संपत होती. गुरांचा धनी टटल तर सकाळपासून माळावर घोडा फिरवत होता. त्याला तो माळ चराईला हवाच होता.

शेजारचा म्हातारा ईबेन स्ट्राउट बैलजोडी घेऊन आला. घराखाली ओंडके सरकवले, साखळ्या बांधल्या. घर नुसतं कुरकुरलं.

"आणखी दोन जोड्या मिळाल्या असत्या तर!" थर्झा म्हणाली.

"सगळ्या गहू घेऊन स्टेशनला गेल्यात. परवाशिवाय कोण येतंय?"

"मग जरा जोरात हाका ना, काका!"

"अगं बाई, बैल आहेत ते, इंजिन नव्हे!"

हुल्डा पायरीवर बसली. "जाऊ दे, थर्झे. राहीन तुझी भाडेकरू म्हणून. टोपीची गोष्ट मात्र झकास होती हं."

थर्झा तडक गेली आणि करवत घेऊन आली. "मधोमध कापायचं."

"डोकं फिरलंय का?" ईबेन ओरडला. "हिवाळा तोंडावर आलाय!"

"माती मी खाल्ली, काका. दुसरं टोक धरा."

दुपार कलेपर्यंत करवत चालली. मग हुल्डाचं अर्धं घर ओंडक्यांवरून डुलत डुलत चढ चढलं आणि रेषेपलीकडे गवतात जाऊन बसलं. थर्झाने चूलसुद्धा तिकडेच नेऊन ठेवली, कारण चुलीशिवाय कोण राहतं म्हणून कुणी शंका काढायला नको.

ऊन अजून होतं तेवढ्यात टटल आलाच. त्याने घोड्यावरूनच नाक मुरडलं. "याला घर म्हणायचं? तीन तर भिंती!"

हुल्डा आत पलंगावर बसून निवांतपणे बूट काढत होती.

"पाय पुसून या, टटलसाहेब," ती म्हणाली. "माझं घर आहे."

खाली उघड्या पडलेल्या आपल्या अर्ध्या घरात थर्झाला ते स्पष्ट ऐकू आलं. तिला रडू फुटलं आणि तिने ते मुळीच आवरलं नाही.